पहिला सर्व्हर खरंच मेलाय का?

२१ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गिटहब या सॉफ्टवेअरचा कोड साठवणाऱ्या संकेतस्थळाच्या नेटवर्कमधलं एक बिघडू लागलेलं ऑप्टिकल उपकरण बदलण्याचं नेहमीचं काम चालू होतं. त्या कामात नेटवर्कचा आणि मुख्य डेटा सेंटरचा संपर्क ४३ सेकंद तुटला आणि पुन्हा जोडला गेला. सेवा पूर्ववत व्हायला मात्र २४ तास ११ मिनिटं लागली. त्या ४३ सेकंदांत डेटा सेंटरमधले सर्व्हर चालूच होते.

“आमची ईआरपी (कंपनीचा साठा, बीजकं, हिशेब सांभाळणारी प्रणाली) दोन सर्व्हरवर आहे, एक पडला की दुसरा उठतो,” असं छातीठोकपणे सांगणाऱ्या प्रत्येकाला मला ही घटना ऐकवावीशी वाटते. दुसरा सर्व्हर विकत घेणं सोपं आहे. पहिला मेलाय की नुसता गप्प आहे, हे दुसऱ्याने ओळखायचं कसं, इथे खरी मेख आहे.

एकच काम मिळून सांभाळणाऱ्या सर्व्हरच्या गटाला क्लस्टर म्हणतात. क्लस्टरमधली यंत्रं एकमेकांना ठरावीक वेळाने ‘मी आहे’ असा छोटा संदेश पाठवत राहतात. त्याला हार्टबीट म्हणतात. समजा, पहिल्या यंत्राकडून तो येणं थांबलं. यंत्र बंद पडलं असेल, मधली केबल तुटली असेल, किंवा यंत्र कामाच्या ओझ्याखाली काही सेकंद गोठलं असेल. दुसऱ्या बाजूने पाहता तिन्ही गोष्टी अगदी सारख्या दिसतात: शांतता. हे केवळ उपकरणांचं दुबळेपण नाही. १९८५ साली फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी गणिताने सिद्ध केलं की संदेशाला किती उशीर होईल याची काहीच हमी नसेल आणि एक जरी यंत्र बंद पडण्याची शक्यता असेल, तर सर्वांचं एकमत दर वेळी होईलच अशी खात्री देणारी ठोस पद्धत असूच शकत नाही. म्हणून प्रत्यक्षात सगळे क्लस्टर एक मुदत ठरवतात आणि ती उलटली की अंदाज बांधतात.

अंदाज चुकला, केबलच तुटलेली असली, तर दोन्ही यंत्रं स्वतःला मुख्य समजतात. याला स्प्लिट-ब्रेन म्हणतात. अशा वेळी अर्धे वापरकर्ते एका यंत्रावर आणि अर्धे दुसऱ्यावर काम करतात. ४७१२ क्रमांकाचं बीजक एका यंत्रावर नाशिकच्या ग्राहकाच्या नावे निघतं, दुसऱ्यावर त्याच क्रमांकाचं कोल्हापूरच्या ग्राहकाच्या नावे. जीएसटीच्या नियमानुसार बीजक क्रमांक आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो. ई-बीजकाच्या पोर्टलवर दुसरं बीजक परत येईल, पण तोवर माल गेटबाहेर गेलेला असतो आणि दोन्ही डेटाबेसमध्ये वेगवेगळा साठा लिहिलेला असतो. सर्व्हर तासभर बंद राहणं यापेक्षा कितीतरी बरं.

यावरचा उपाय मला संगणकशास्त्रातल्या सर्वांत देखण्या कल्पनांपैकी एक वाटतो: बहुमत. सदस्य ५ असतील तर किमान ३ जणांशी संपर्क असलेल्या गटानेच काम करायचं, बाकीच्यांनी हात थांबवायचा. असं का चालतं? कोणतेही दोन बहुमताचे गट घ्या, त्यांच्यात एक तरी सदस्य सामाईक असतोच. ३ आणि ३ मिळून ६ होतात आणि सदस्य तर ५च आहेत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या राफ्ट या मुख्य यंत्र बहुमताने निवडण्याच्या पद्धतीत प्रत्येक निवडणुकीला वाढत जाणारा क्रमांक असतो आणि एका क्रमांकासाठी एका सदस्याचं एकच मत. त्यामुळे एकाच क्रमांकाचे दोन मुख्य निवडून येऊच शकत नाहीत, आणि जुना मुख्य परत आला की मोठा क्रमांक पाहून पायउतार होतो. याच हिशेबाने २ सदस्यांचा क्लस्टर लंगडा ठरतो, कारण त्यात बहुमत म्हणजे दोघंही. ४ सदस्य घेऊनही एकच गमावता येतो, जे ३ मध्येही साधतं.

सोसायटीच्या सभेला गणपूर्ती झाली नाही तर तहकूब सभा सहसा अर्ध्या तासाने तिथेच होते आणि तिला गणपूर्तीचं बंधन नसतं. क्लस्टरला ही सवलत देता येत नाही, कारण इथे दोन वेगळ्या खोल्यांत दोन तहकूब सभा भरतील आणि दोन्हींत ठराव मंजूर होतील. म्हणूनच सॅप ही ईआरपी चालवणाऱ्या दोन यंत्रांच्या क्लस्टरला तिसरा साक्षीदार देतात. त्याच्याकडे डेटा नसला तरी चालतो, पण तो तिसऱ्या जागी हवा. दोघांपैकी एकाच्याच खोलीत ठेवला तर त्या खोलीची वीज गेल्यावर बहुमतही जातं.

तरीही एक फट उरते. गोठलेलं पहिलं यंत्र वीस सेकंदांनी जागं होतं. मधला काळ त्याला ठाऊकच नसतो. हातातलं अर्धवट लिखाण ते दोघांच्या सामाईक डिस्कवर उतरवू लागतं. म्हणून नवा मुख्य कामाला लागण्याआधी जुन्याची वीज तोडतो. त्याला फेन्सिंग किंवा स्टॉनिथ म्हणतात. हे काम सर्व्हरमधल्या स्वतंत्र व्यवस्थापन कार्डाकडून करवतात, किंवा सामाईक डिस्कवर त्या यंत्राच्या नावे ‘स्वतःला बंद कर’ असा संदेश ठेवतात. डिस्कच दिसेनाशी झाली तर आत वॉचडॉग टायमर असतो. तो वेळेवर मागे ढकलला नाही की यंत्र आपोआप रीबूट होतं. वीज तुटल्याची खात्री मिळेपर्यंत नवा मुख्य डिस्कला हात लावत नाही. क्लस्टर उभा करताना घाईत स्टॉनिथ बंद करून ठेवणं हा मला गुन्हाच वाटतो.

मग गिटहबचं काय झालं? तिथलं नियंत्रक सॉफ्टवेअर राफ्टवरच चालत होतं आणि बहुमत चोख झालं. पश्चिम किनाऱ्यावरच्या आणि पूर्वेच्या पब्लिक क्लाउडमधल्या सदस्यांनी मिळून डेटाबेसचं मुख्यपद पश्चिमेला नेलं. पण पूर्वेला शेवटच्या काही सेकंदांत झालेल्या नोंदी पश्चिमेला पोचल्याच नव्हत्या. सर्वांत वर्दळीच्या क्लस्टरांपैकी एकात त्या ९५४ होत्या. पुढची जवळजवळ ४० मिनिटं पश्चिमेला नव्या नोंदी होत राहिल्या. आता दोन्ही बाजूंना दुसरीकडे नसलेला डेटा होता. मुख्य कोण हे बहुमताने ठरलं, पण त्या मुख्याकडे सगळा डेटा आहे का, हा प्रश्न तसाच राहिला होता. गिटहबने वेळेपेक्षा डेटा जपला, म्हणून एवढे तास गेले, आणि तो निर्णय योग्यच होता.

प्रत्येक नोंद दुसरीकडे पोचल्यावरच पक्की मानावी, तर प्रकाशाचा वेग आड येतो. काचतंतूत तो सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर असतो. मुंबई-चेन्नई अंतर हवाई मार्गानेच हजार किलोमीटरच्या पुढे, म्हणजे जाऊन यायला किमान १० मिलिसेकंद. महिनाअखेरीला एकामागून एक १०,००० नोंदी करायच्या तर १०० सेकंद नुसत्या वाट पाहण्यात जातात. ३० किलोमीटरवर हेच काम ३ सेकंदांत होतं. म्हणून जवळच्या जागी लगेच प्रत आणि दूरच्या जागी थोड्या उशिराने, अशी विभागणी करतात. क्लाउडवर टाकलं की हे सगळं मिटतं, हा विक्रेत्यांचा दावा मला पटत नाही. अंतर तिथेही तेवढंच असतं.

दसऱ्याला सर्व्हरच्या रॅकला झेंडूची माळ घालतात. माळेने रॅक शोभतो, क्लस्टर टिकत नाही. तो सरावाने टिकतो, आणि सराव शटडाउनची आज्ञा देऊन होत नाही, कारण तसं बंद होणारं यंत्र सर्वांचा रीतसर निरोप घेऊन जातं. दोन यंत्रांमधली हार्टबीटची केबलच उपसावी आणि लॉगमध्ये, म्हणजे यंत्राने स्वतः लिहिलेल्या नोंदींत, क्रम पाहावा: आधी फेन्सिंग यशस्वी झाल्याची ओळ, मगच दुसऱ्या यंत्रावर डिस्क जोडल्याची. क्रम उलटा दिसला तर क्लस्टर त्याच दिवशी वापरातून काढावा.