परीक्षेत न विचारलेलं डॉक्टरपण

पहिली नाइट ड्यूटी. रात्री तीनला वॉर्डातून फोन येतो, पेशंटचं बीपी पडलंय. औषध, डोस सगळं तोंडपाठ असतं. पण सीनियरला आत्ताच उठवायचं की आधी आपण बघायचं, नातेवाइकांना किती सांगायचं, यावर कधी प्रश्नच आलेला नसतो. नव्या डॉक्टरची ही अडचण फार जुनी आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, म्हणजे पहिल्या भागात, नववा अध्याय सरावाचा. कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी यांवर छेद घ्यायला शिका, कापडी बाहुल्याला पट्ट्या बांधून बघा. लगेच दहावा अध्याय येतो तो व्यवसायात पहिलं पाऊल टाकणाऱ्या वैद्यासाठी. त्यानं शास्त्र शिकलेलं हवं, कर्म पाहिलेलं हवं, स्वतः सराव केलेला हवा आणि राजाची परवानगी हवी (म्हणजे रजिस्ट्रेशनच की). नखं कापलेली, कपडे पांढरे, हातात छत्री नि काठी, पायात पादत्राणं, भपका नाही, बोलणं गोड. चरकसंहिता शिष्याला बजावते की रुग्णाच्या घरातलं बाहेर बोलायचं नाही. मृत्यू जवळ आलाय हे कळलं, तरी सांगून कुणाला धक्का बसणार असेल तर तिथं गप्प राहायचं. हे आज जसंच्या तसं पटणार नाही. पण वाईट बातमी कशी द्यायची हा पेच तेव्हाही होता, एवढं नक्की.

आधुनिक आचारसंहिता मात्र भांडणातून आली. इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या इन्फर्मरीत (म्हणजे रुग्णालयात) साथीच्या काळात डॉक्टरांची आपसात जुंपली, तेव्हा 1792 मध्ये तिथले डॉक्टर टॉमस पर्सिव्हल यांना नियम लिहून द्यायला सांगितलं गेलं. त्यातून 1803 चं त्यांचं ‘मेडिकल एथिक्स’ तयार झालं. ते त्यांनी याच पेशात येणाऱ्या आपल्या मुलाला उद्देशून लिहिलं होतं. त्यातला बराच मजकूर डॉक्टरांनी एकमेकांशी कसं वागावं याचा आहे, रुग्ण कधीकधी मागेच पडतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशनची 1847 ची संहिता बरीचशी यावरच बेतलेली.

‘रेसिडेंट’ (निवासी डॉक्टर) हा शब्द आपण सहज वापरतो, पण तो शब्दशः खरा होता. 1889 मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झालं आणि तिथले डॉक्टर ऑस्लर, हॉलस्टेड यांच्या हाताखाली ही पद्धत घडली. शिकाऊ डॉक्टर रुग्णालयातच राहत, घड्याळ बघायचा प्रश्नच नव्हता. ब्रिटनमध्ये तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पास झालेला डॉक्टर थेट स्वतंत्र प्रॅक्टिस करू शकत असे. 1950 च्या कायद्यानं रुग्णालयातलं एक वर्षाचं देखरेखीखालचं काम सक्तीचं केलं, ते 1953 पासून लागू झालं.

कामाच्या तासांकडे लक्ष जायला एक मृत्यू घडावा लागला. 1984 मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका रुग्णालयात 18 वर्षांची मुलगी दाखल झाली आणि काही तासांत गेली. ती आधीपासून नैराश्यावरची गोळी घेत होती. त्यावर पेथिडीन हे वेदनाशामक दिलं गेलं, आणि ही दोन औषधं एकत्र चालत नाहीत. तिची जबाबदारी सांभाळणारे शिकाऊ डॉक्टर होते, शिवाय एकाच वेळी अनेक रुग्ण बघत होते. 1989 मध्ये त्या राज्यानं आठवड्याला 80 तासांची मर्यादा घातली, 2003 मध्ये ती अमेरिकाभर आली. 80 तास ही सवलत वाटावी, यातच आधीचं सगळं आलं.

तास कमी झाले तशा शिफ्ट वाढल्या, शिफ्ट वाढल्या तसं हँडओव्हर (पुढच्या डॉक्टरकडे रुग्ण सोपवणं) वाढलं आणि माहिती मध्येच गळू लागली. मग आण्विक पाणबुड्यांवर वापरली जाणारी अमेरिकन नौदलाची निरोप देण्याची पद्धत वॉर्डात आली: काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतं, काय करायला हवं. रात्री तीनला सीनियरला उठवताना बोलायची चार वाक्यं.

डॉक्टरांनी घ्यायची जागतिक वैद्यक संघटनेची जिनिव्हा प्रतिज्ञा 1948 ची. शिक्षकांचा मान तिच्यात पहिल्यापासून आहे. डॉक्टरनं स्वतःच्या तब्येतीकडेही बघावं, हे वाक्य 2017 मध्ये आलं.