फोन खाली का ठेवला नाही? मनाच्या ताब्यामागचा इतिहास

मार्च २०२५ मध्ये खानापूर तालुक्यात एका वृद्ध दांपत्यानं जीव दिला. दिल्लीचे पोलीस असल्याचं सांगणाऱ्यांनी त्यांच्याकडून ५० लाखांहून जास्त रक्कम उकळली होती. बातमी पसरली तसा बेळगावपासून निपाणीपर्यंत एकच प्रश्न ऐकू येऊ लागला: फोन ठेवून शेजाऱ्याला हाक का मारली नाही? प्रश्न साधा वाटतो, पण त्यात ‘आम्ही असतो तर फसलो नसतो’ असा एक तोरा आहे. व्हिडिओ कॉलवरच्या अशा खोट्या अटकेला ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात, पण भारतीय कायद्यात अशी अटकच नाही. ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी हेच सांगितलं होतं. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा फोन क्रमांकही जाहीर आहे. तरी माणसं अडकतात, आणि त्यांत निवृत्त अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापकही असतात.

या फोनची रीत ठरलेली आहे. आधी आरोप: तुमच्या नावाच्या सिमवरून गुन्हा झालाय. मग व्हिडिओ कॉल, समोर गणवेश, मागे पोलीस ठाण्याचा देखावा. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. तपास गोपनीय आहे, म्हणून मुलालासुद्धा सांगायचं नाही. एक अधिकारी दरडावतो. थोड्या वेळानं दुसरा, वयानं मोठा वाटणारा, मऊ आवाजात सुटकेची वाट दाखवतो. झोप नाही, सल्ला घ्यायला माणूस नाही आणि उत्तर लगेच हवं. यात नवं काय असेल तर फक्त फोन.

हीच रीत जगाच्या नजरेत आली ती कोरियन युद्धाच्या वेळी. एडवर्ड हंटर या अमेरिकी पत्रकारानं १९५० मध्ये ‘ब्रेनवॉशिंग’ हा शब्द वर्तमानपत्रात रूढ केला. युद्धबंदीनंतर २१ अमेरिकी कैद्यांनी मायदेशी परतायला नकार दिला, तेव्हा अमेरिकेत घबराट उडाली. त्यांना छावण्यांत ठेवणाऱ्या चिन्यांकडे मेंदू धुण्याची काही गुप्त विद्या आहे, अशी समजूत झाली. परतलेल्या हजारोंच्या मानानं २१ हा आकडा किती लहान आहे, हे फारसं कुणी मोजलं नाही. या भीतीतूनच १३ एप्रिल १९५३ ला सीआयएनं ‘एमके-अल्ट्रा’ नावाचा कार्यक्रम मंजूर केला. लोकांना न सांगता एलएसडी हे भ्रम निर्माण करणारं रसायन देण्यापासून संमोहनापर्यंत सगळं करून पाहिलं. १९७३ मध्ये बहुतेक फायली नष्ट करण्यात आल्या आणि १९७५ मध्ये अमेरिकी सिनेटच्या चौकशीत प्रकरण उघड झालं. माणसाला कळसूत्री बाहुली करणारं औषध मात्र त्यांना सापडलं नाही.

चिनी छावण्यांत काय घडलं याचं उत्तर दुसरीकडे मिळालं. रॉबर्ट जे लिफ्टन या मनोविकारतज्ज्ञानं हाँगकाँगमध्ये चीनमधून सुटून आलेल्या लोकांच्या मुलाखती घेतल्या आणि १९६१ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. गूढ असं काहीच नव्हतं. माणसाला बाहेरच्या माहितीपासून तोडायचं, कबुलीजबाब पुन्हा पुन्हा लिहून घ्यायचे, अपराधीपण मुरवायचं आणि मध्येच थोडी माया दाखवायची. बाहेर आल्यावर, आपल्या माणसांत मिसळल्यावर, बहुतेकांवरचा हा पगडा हळूहळू ओसरला. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सगळ्यात कामाची नोंद हीच आहे. ताबा डोक्यात घातलेल्या विचारावर कमी आणि भोवतीच्या कुंपणावर जास्त चालतो.

आपल्याकडचा पुरावा याहून फार जुना आहे, आणि तो याच कर्नाटकात हाती लागला. १९०५ मध्ये म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात आर. शामशास्त्री यांच्यासमोर कौटिलीय अर्थशास्त्राची हस्तलिखित प्रत आली. १९०९ मध्ये त्यांनी ती छापली. पहिल्या अधिकरणात हेरांचे प्रकार दिले आहेत आणि त्यांत एक ‘तापस’ आहे. डोकं मुंडलेला किंवा जटाधारी असा हा बुवा पुष्कळ शिष्य घेऊन गावाबाहेर उतरतो. महिन्या-दोन महिन्यांनी लोकांसमोर मूठभर जव किंवा थोडी भाजी खातो, चोरून मात्र हवं ते जेवतो. व्यापाऱ्यांच्या वेषातले हेर त्याच्या सिद्धीचे गोडवे गातात. तो जे भाकीत करतो, ते राजाचीच माणसं खरं करून दाखवतात. तेराव्या अधिकरणात तर शत्रूचा किल्ला घेण्याआधी आपला राजा सर्वज्ञ आहे आणि देव त्याच्याशी बोलतात, अशी हवा कशी उठवावी याचे उपाय आहेत. आजच्या निवडणुकीच्या ‘वॉर रूम’मधल्या कुणाला हे वाचून फारसं आश्चर्य वाटू नये. लक्षात घ्यायचं ते इतकंच की, कौटिल्यानं श्रद्धेवर थेट हल्ला सांगितलेला नाही. श्रद्धा आधीच तिथं असते, तो फक्त तिला पुरावा पुरवतो.

बेळगाव जिल्ह्यात याचं सगळ्यात दुःखद रूप सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगराशी जोडलेलं आहे. केस न विंचरल्यानं, तेल-पाणी न लागल्यानं गुंता होतो आणि त्याची जट बनते. गरीब घरातल्या मुलीच्या डोक्यात जट दिसली की कुणीतरी सांगणार, देवीचं बोलावणं आलंय. जट कापली तर घरात मरण येईल, ही भीती पाठोपाठ. मग एखादं जनावर मेलं, कुणी आजारी पडलं, की तोच पुरावा. शेजारणी, जोगतिणी, घरातली थोरली, सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असताना आईबापांनी कुणाचं ऐकायचं? अशा मुली देवदासी म्हणून देवीला सोडल्या गेल्या. पुढचं आयुष्य काय असायचं हे निपाणी-गडहिंग्लज भागात सांगावं लागत नाही. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं आणि इलाख्यात १९३४ पासूनच याविरुद्ध कायदा होता. कर्नाटकानं १९८२ मध्ये नवा केला. कायद्यानं प्रथा आक्रसली, पण भीती काढायचं काम दारोदार जाऊन करावं लागलं. कार्यकर्त्यांनी बाईला विश्वासात घेऊन जट कापायची, आणि घरात काहीच वाईट घडलं नाही हे गल्लीनं बघायचं. पहिली जट उतरवायला जितकं बोलावं लागे, तितकं दुसरीला लागत नसे.

राजकारणात हे शास्त्र म्हणून आलं ते विसाव्या शतकात. मनोविश्लेषक फ्रॉइडचे भाचे आणि जनसंपर्कतज्ज्ञ एडवर्ड बर्नेज यांनी १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्टर मिरवणुकीत तरुणींच्या हाती सिगारेट देऊन तिला स्वातंत्र्याची मशाल ठरवलं. १९३३ मध्ये नाझींनी स्वस्त रेडिओ घरोघरी पोचवायला सुरुवात केली. हे इतिहास बऱ्याच जणांना ठाऊक आहेत. आमच्या भागाला जास्त लागू पडतो तो मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांचा १९७० च्या सुमाराचा प्रयोग. ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांचे क्ली आणि कांडिन्स्की या चित्रकारांच्या आवडीवरून दोन गट पाडल्याचं त्यांना सांगितलं, प्रत्यक्षात गट कसेही पाडले होते. पैसे वाटायची वेळ आली, तेव्हा आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल, पण समोरच्यापेक्षा जास्त मिळावं, याकडे मुलांचा कल दिसला. एका चित्रावरून असं होत असेल, तर भाषेवरून काय होईल?

इथं एक सांगून ठेवतो. सीमाप्रश्न कुणी डोक्यात भरवलेला नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला चंदगड वगळता बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. या वादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल महाराष्ट्रानं नाकारला आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. सरकारी कागद मराठीत मिळावेत ही मागणी खरी आहे. तिला ‘बाहेरच्यांनी भडकावलेल्यांचा उन्माद’ म्हणून उडवून लावणं हाही मनाशी खेळण्याचाच प्रकार आहे, कारण त्यानं माणसाला स्वतःच्या अनुभवाबद्दलच शंका येऊ लागते. पण दुखणं खरं असलं की दाबणारेही येतात, दोन्ही बाजूंनी, आणि तेही कॅलेंडर पाहून: नोव्हेंबरात कर्नाटकाचा राज्योत्सव आणि मराठी भाषकांचा काळा दिन, डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन.

६ डिसेंबर २०२२ ला हिरेबागेवाडीच्या टोल नाक्याजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली. त्यानंतर १४ तारखेला दिल्लीत दोन्ही मुख्यमंत्र्यांसोबत बैठक झाली. तिच्यानंतर केंद्रीय गृहमंत्र्यांनी जाहीरपणे सांगितलं की, मोठ्या नेत्यांच्या नावानं काढलेल्या बनावट ट्विटर खात्यांनीही भावना भडकवल्या, गुन्हे दाखल होतील. तोवर दगड पडून गेले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ बसमध्ये तिकिटावरून वाद झाला, कंडक्टरला मारहाण झाली आणि काही दिवसांतच दोन राज्यांमधली बससेवा थांबली. चंदगडहून बेळगावला दवाखान्यात येणाऱ्याचं त्या दिवसांत काय झालं असेल, यावर कुणी मोर्चा काढला नाही.

अफवेला सीमा आणि भाषा दोन्ही अडवत नाहीत. २०१८ च्या जुलैत, १ तारखेला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना आणि १३ तारखेला बिदर जिल्ह्यातल्या मुरकीत हैदराबादच्या एका तरुण इंजिनिअरला ‘मुलं पळवणारे’ समजून जमावानं ठार मारलं. त्या काळात फिरणाऱ्या व्हिडिओंपैकी एक मुळात कराचीतली जनजागृतीची फिल्म होती. पळवलेलं मूल परत आणून देतात तो शेवट कापलेला होता. ऐकलेलं विधान पुन्हा ऐकलं की जास्त खरं वाटतं, हे मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्येच दाखवलं होतं. चार ओळखीच्यांनी पाठवलेला तोच व्हिडिओ आपण चार साक्षी म्हणून मोजतो. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात संदेश पुढं पाठवण्यावर पाच चॅटची मर्यादा घातली.

घरातल्या नियंत्रणाबद्दल बोलणं आपल्याकडे उशिरा सुरू झालं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं शाब्दिक आणि भावनिक छळही हिंसा म्हणून धरला. नवऱ्यानं बायकोचं माहेरी जाणं, फोन करणं बंद करणं आणि तुलाच काही कळत नाही असं रोज ऐकवणं याला तोवर ‘घरची भानगड’ म्हणत. पैशाच्या बाबतीत अजून वेळ लागला. मायक्रोफायनान्सचं कर्ज बायकांच्या गटाला मिळतं आणि हमी सगळ्यांची असते. वसुलीवाल्याला दरडावायची गरजही पडत नाही, एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या तिच्या दारात बसतात. शरमेनं घरं सोडून गेलेल्यांच्या बातम्या वाढल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटकानं अध्यादेश काढला आणि जबरदस्तीच्या वसुलीला १० वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड ठेवला. शेजारणीला शेजारणीच्या दारात बसवणारी गटाची हमी मात्र मोडली नाही.