अर्ध्यात अडकलेला टप आणि ६१० फूट वायर

१९५७ साली आलेल्या फोर्ड स्कायलायनरचं अख्खं लोखंडी छत बटण दाबल्यावर डिकीत जाऊन बसायचं. त्यासाठी गाडीत ७ मोटरी, १० रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच), १० लिमिट स्विच (भाग ठरलेल्या जागी पोचला की दाबले जाणारे), ८ सर्किट ब्रेकर आणि ६१० फूट, म्हणजे जवळपास १८६ मीटर वायर होती. सगळं चालवणारा कॉम्प्युटर, म्हणजे कंट्रोल मॉड्यूल नाही, चिप नाही. तरीही सगळी कामं ठरलेल्या क्रमाने व्हायची. आज कन्व्हर्टिबलचा, म्हणजे उघडमिटी छताच्या गाडीचा, टप (छत) अर्ध्यात अडकल्यावर आपण ज्या पद्धतीने बिघाड शोधतो, तिचं मूळ मला याच गाडीत दिसतं.

टप यंत्राने हलवायची कल्पना मात्र त्याहून जुनी. फ्रान्समधल्या जॉर्ज पोलँ या दंतवैद्याने डिकीत जाणाऱ्या कडक छताचं पेटंट घेतलं आणि १९३४ मध्ये प्यूजोने ते आपल्या ‘एक्लिप्स’ गाड्यांवर आणलं. पुढे हाच माणूस जर्मनांविरुद्धच्या गुप्त प्रतिकारात उतरला आणि १९४२ मध्ये नाझींनी त्याला गोळ्या घातल्या. गाड्यांच्या इतिहासात त्याचं नाव अजून मोठ्या अक्षरात यायला हवं. अमेरिकेत १९३९ च्या प्लिमथने कापडी टप इंजिनच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा ओढण्याच्या जोरावर, उचलला. तिथे टप हलला नाही तर आधी नळी फाटली आहे का ते बघायचं, वायरिंगचा प्रश्न फारसा यायचाच नाही.

विजेवरचा खरा पसारा पन्नाशीच्या दशकात मांडला गेला. फोर्डने १९५६ पासून ६ व्होल्ट सोडून १२ व्होल्टची बॅटरी घेतली. तेवढ्याच ताकदीच्या मोटरीला आता निम्मा करंट पुरू लागला, वायर बारीक चालू लागली. स्कायलायनरची यंत्रणा आधी महागड्या कॉन्टिनेंटल मार्क टू या गाडीसाठी आखली होती, ती शेवटी साध्या फोर्डवर आली. तीन वर्षांत अशा ४८,३९४ गाड्या बनल्या.

ती चालायची कशी, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. आधी डिकीच्या झाकणाचं कुलूप सुटायचं. मग झाकण पुढच्या कडेने वर उचललं जायचं, कारण बिजागऱ्या मागच्या बाजूला होत्या. छताची कुलपं सुटायची, छत मागे सरकायचं, त्याची पुढची पट्टी आत दुमडायची आणि झाकण पुन्हा खाली यायचं. प्रत्येक टप्पा संपला की तो भाग एक लिमिट स्विच दाबणार. तो स्विच चालू मोटरचा सप्लाय तोडणार आणि पुढच्या रिलेला देणार. हातातला निरोप पोचल्याशिवाय पुढचा गडी जागचा हलत नाही, तसं.

त्यामुळे झाकण पूर्ण उघडलं आणि छत ढिम्म राहिलं, तर छताची मोटर गेली असं समजून ती बदलायला घेणं चूक ठरतं. बरेचदा मोटर ठणठणीत असते. झाकण शेवटचा अर्धा इंच कमी उघडलेलं असतं, किंवा स्विच दाबणारी पट्टी किंचित वाकलेली असते, आणि ‘झाकण उघडलं’ हा निरोपच पुढे गेलेला नसतो. टप कुठल्या टप्प्यावर थांबला आणि तिथे तो कुठल्या स्विचची वाट बघतोय, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. रिलेचा ‘टक’ आवाज आला म्हणजे हुकूम पोचला आहे. मग मोटरपर्यंत सप्लाय आणि अर्थिंग येतंय का ते बघायचं. टक आलाच नाही तर मागच्या स्विचकडे वळायचं. मला गाडीच्या वायरिंगमध्ये यापेक्षा स्वच्छ तर्क दुसरीकडे दिसत नाही.

ही विद्या पुढे फोर्डच्याच थंडरबर्ड आणि १९६१ च्या लिंकन कॉन्टिनेंटलच्या उघड्या टपात उतरली. तिथे वायरिंगच्या जोडीला हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावरचा, पंपही आला. १९८९ च्या मर्सिडीज एसएलमध्ये तर १५ हायड्रॉलिक सिलिंडर, ११ सोलेनॉइड (विजेवर उघडणारे) वाल्व आणि १७ लिमिट स्विच होते. इथे रिलेंच्या साखळीची जागा कंट्रोल युनिटने घेतली. १९८६ मध्ये बॉशने कॅन बस, म्हणजे गाडीतल्या कंट्रोल युनिटांना एकमेकांशी बोलायला लावणारी तारांची जोडणी, जगापुढे मांडली. पुढे ती गाडीभर पसरली, तसा टप वेग, दरवाजाच्या काचा आणि बॅटरीचा व्होल्टेज यांचीही परवानगी मागू लागला. डिकीतला सामानाचा पडदा जागेवर नसला तरी काही गाड्यांचा टप हलत नाही, ते यामुळेच.

गाडीला जोडायचा स्कॅनर बिघाडाचा कोड देतो, पण टपाचे कोड कंपनीगणिक वेगळे. १९९६ पासून अमेरिकेत सक्तीचं झालेलं ओबीडी-टू हे बिघाड वाचायचं मानक प्रदूषणाशी निगडित बिघाडांसाठी होतं, त्यामुळे स्वस्तातला स्कॅनर इंजिनाचं सगळं सांगतो आणि टपाबद्दल गप्प राहतो. आपल्याकडच्या जीपचा ताडपत्रीचा टप किंवा २०२० च्या थारचा कापडी टप हातानेच चालतो, म्हणून ही डोकेदुखी इथे कमी जणांच्या वाट्याला आली.

चिप आल्या तरी वायर जिथे तुटायची तिथेच तुटते. डिकीच्या बिजागरीजवळची रबरी नळी मागे सारून बघा. प्रत्येक उघडमिटीला तिथलं हार्नेस, म्हणजे वायरींची जुडी, त्याच जागी वाकतं. वरचं आवरण शाबूत असतं आणि आतल्या तांब्याच्या तारा एकेक करून तुटत जातात. शेवटचे एकदोन धागे उरले तरी मल्टीमीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण त्याला करंट जवळजवळ लागतच नाही. मोटरच्या जागी हेडलाइटचा जुना बल्ब जोडला की व्होल्टेज धाडकन पडतो आणि चोर सापडतो. वायर हलक्या हाताने ताणली तर तुटलेल्या जागी आवरण रबरासारखं लांबतं.

दुरुस्ती करताना तिथे जास्त धाग्यांची, लवचीक वायर वापरावी. सगळे जोड एकाच जागी न घेता मागेपुढे घ्यावेत आणि वळणात थोडी ढील ठेवावी. त्याआधी अर्धवट वर राहिलेल्या टपाला भक्कम टेकू द्यावा. हायड्रॉलिकचा दाब उतरला तर तो थेट हातावर येतो. आणि पहिली पूर्ण उघडमीट बॅटरीला चार्जर जोडूनच करावी.