पीसीओएसचे मूळ गर्भावस्थेत शोधणारे संशोधन: पार्श्वभूमी

पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम), अर्थात आपल्याकडे सर्रास ‘पीसीओडी’ म्हटला जाणारा विकार, मुलगी वयात आल्यानंतर लक्षात येतो. पाळी महिनोन्‌महिने लांबते, हनुवटीवर राठ केस येतात, मुरुमे हटत नाहीत आणि सोनोग्राफीत अंडाशयाच्या कडेने वाढ खुंटलेल्या लहान लहान बीजपुटिका, म्हणजे बीज वाढवणाऱ्या पिशव्या, दिसतात. साहजिकच त्याचे कारणही त्याच वयातल्या खाण्यापिण्यात, बैठ्या दिनक्रमात आणि वजनात असणार, असे तिला घरी आणि दवाखान्यातही ऐकवले जाते. वजनाने लक्षणे बळावतात हे खरेच आहे. परंतु गेल्या सहा दशकांतील संशोधनाने या विकाराचा एक धागा त्याच्या कितीतरी आधी, मुलगी आईच्या पोटात असताना तिच्या घडत असलेल्या मेंदूपर्यंत नेऊन पोहोचवला आहे.

शिकागोच्या आयर्विंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेंथाल यांनी १९३५ मध्ये सात स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली तेव्हा असा विचार कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. मोठ्या झालेल्या अंडाशयांचा पाचरीसारखा भाग कापून काढल्यावर या स्त्रियांची पाळी पुन्हा सुरू झाली आणि त्यांपैकी दोघींना दिवसही गेले. त्यामुळे दोष अंडाशयातच आहे, हा समज पक्का झाला. त्याला पहिला धक्का बसला तो संप्रेरके मोजता येऊ लागल्यावर. १९५८ मध्ये अशा रुग्णांच्या लघवीत एलएच हे पिट्युटरी ग्रंथीचे संप्रेरक जास्त असल्याचे दिसले आणि १९७० मध्ये सॅम्युअल येन यांच्या गटाने एलएच वाढलेले, तर बीजपुटिका वाढवणारे एफएसएच हे संप्रेरक त्या मानाने कमी, हे असंतुलन रक्ततपासणीतून मांडले. पिट्युटरीला हुकूम मिळतो तो मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसकडून. तेथील जीएनआरएच चेतापेशी ठरावीक अंतराने, स्पंदनांच्या रूपात, जीएनआरएच हे संदेशवाहक संप्रेरक सोडतात. ही स्पंदने जलद झाली की एलएच वाढते आणि अंडाशयातील पेशी अधिक अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी संप्रेरके, तयार करतात. एफएसएच अपुरे पडल्याने बीजपुटिका मात्र अर्धवट वाढून थांबतात. निरोगी चक्रात बीज सुटल्यावर अंडाशयातून स्रवणारे प्रोजेस्टेरॉन ही स्पंदने मंदावते. पीसीओएस असलेल्या अनेक स्त्रियांच्या मेंदूवर हा लगाम पुरेसा चालत नाही. तो का चालत नाही, हा प्रश्न संशोधकांना गर्भावस्थेपर्यंत घेऊन गेला.

त्याचे उत्तर शोधण्याची सामग्री एका वेगळ्याच शाखेत, संप्रेरके आणि वर्तन यांच्या अभ्यासात, आधीपासून तयार होती. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात चार्ल्स फिनिक्स, रॉबर्ट गॉय, अर्नॉल्ड गेराल आणि विल्यम यंग यांनी गाभण गिनी पिगना टेस्टोस्टेरॉन हे प्रमुख अँड्रोजेन दिले आणि जन्मलेल्या माद्यांचे प्रौढ वयातील लैंगिक वर्तन कायमचे बदलल्याचे १९५९ मध्ये दाखवले. प्रौढ प्राण्यात संप्रेरकाचा परिणाम ते असेपर्यंतच टिकतो, पण मेंदू घडत असताना तेच संप्रेरक त्याची रचना ठरवून जाते, हा भेद तेव्हापासून या शास्त्राचा पाया आहे. पाठोपाठ १९६१ मध्ये चार्ल्स बॅराक्लॉ यांनी पाच दिवसांच्या उंदीर-पिल्लांना टेस्टोस्टेरॉनचे फक्त एक इंजेक्शन दिले. या माद्या मोठ्या झाल्यावर वांझ निघाल्या, त्यांच्या अंडाशयांतून बीज सुटेना आणि त्यांत पुटिका साचलेल्या आढळल्या. इंजेक्शनमधील संप्रेरक शरीरातून केव्हाच नाहीसे झाले होते. मागे राहिली होती ती मेंदूची बदललेली घडण. या प्रयोगाचे महत्त्व, मला वाटते, पुरेसे ओळखले गेले नाही.

गॉय यांनी पुढे ऱ्हीसस माकडांवर हेच काम आधी ओरेगॉनमध्ये आणि मग विस्कॉन्सिनमध्ये केले. गर्भात टेस्टोस्टेरॉन मिळालेल्या या माकडिणी मोठ्या झाल्यावर डेव्हिड ॲबट आणि डॅनिअल ड्युमेसिक यांनी त्यांची तपासणी केली, तेव्हा अनियमित चक्र, वाढलेले एलएच, जास्त अँड्रोजेन आणि इन्सुलिनच्या कामातील बिघाड असे सारे काही त्यांच्यात आढळले. मिशिगन विद्यापीठात वसंता पद्मनाभन यांच्या गटाला मेंढ्यांमध्येही असेच चित्र दिसले.

मेंदूत नेमके काय बदलते, याचा उलगडा अलीकडचा आहे. न्यूझीलंडमधील रिबेका कॅम्पबेल यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवले की गर्भात अँड्रोजेन मिळालेल्या उंदीर-माद्यांमध्ये जीएनआरएच पेशींवर येणाऱ्या, गॅबा हे रसायन सोडणाऱ्या चेतातंतूंचे जाळे अधिक दाट असते. इतरत्र गॅबा चेतापेशींना शांत करते, पण या पेशींना ते उत्तेजित करू शकते. प्रोजेस्टेरॉनचा संदेश घेणारी ग्राहके याच वाटेवर कमी झालेली सापडली, म्हणजे न चालणाऱ्या लगामाची जागा हाती लागली.

२०१८ मध्ये फ्रान्समधील लील येथून पावलो जाकोबिनी यांच्या गटाने आणखी एक दुवा जोडला. पीसीओएस असलेल्या गर्भवतींच्या रक्तात अंडाशयातील बीजपुटिकांतून स्रवणारे अँटी-म्युलेरियन हॉर्मोन, म्हणजे एएमएच, जास्त असते, हे त्यांनी मोजले. गाभण उंदरांना ते टोचल्यावर आईचे टेस्टोस्टेरॉन वाढले, ते निकामी करणारे वारेतील अरोमटेझ हे विकर कमी झाले आणि जन्मलेल्या माद्यांत पीसीओएससारखी लक्षणे दिसली. प्रौढ झाल्यावर जीएनआरएचचा परिणाम रोखणारे औषध दिले असता ती लक्षणे ओसरली. मेंदूची घडण जन्माआधी बदलली तरी पुढे काहीच करता येत नाही, असे नाही, हे यातून प्रथमच इतके स्पष्ट झाले.

माणसाच्या बाबतीत पुरावा अधिक जपून वाचावा लागतो, कारण गर्भवतींवर असा प्रयोग करणे शक्यच नाही. मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीच्या जन्मजात विकारामुळे गर्भातच अँड्रोजेन वाढलेल्या मुलींवर उपचार होऊनही त्यांच्यापैकी काहींत पुढे पीसीओएससारखे एलएच आढळते, असे १९९४ मध्ये नोंदले गेले. स्वीडनच्या नोंदींवर आधारित २०१९ च्या अभ्यासात, पीसीओएस असलेल्या मातांच्या मुलींमध्ये हे निदान होण्याची शक्यता सुमारे पाचपट दिसली. याउलट, पश्चिम ऑस्ट्रेलियातील किशोरींच्या अभ्यासात गर्भवती आईच्या किंवा नाळेच्या रक्तातील अँड्रोजेन आणि पुढील पीसीओएस यांचा संबंध जुळला नाही. नाळेचे रक्त प्रसूतीच्या वेळी घेतले जाते, तर मेंदूच्या घडणीचा नाजूक काळ त्याच्या कितीतरी आधी येतो, ही त्या मोजणीची मर्यादा आहे. शिवाय, निरोगी वार आईचे बरेचसे अँड्रोजेन गर्भापर्यंत जाऊच देत नाही. मुलीला आईकडून जनुकेही मिळतात आणि ती व गर्भाशयातील वातावरण यांचा वाटा वेगळा काढणे अवघड असते. यात आईने गरोदरपणी काय खाल्ले किंवा काय केले याचा दोष शोधण्यासारखे काहीही नाही, हे डॉक्टरांनी कुटुंबाला सांगितलेच पाहिजे, कारण ‘गर्भात’ हा शब्द कानी पडताच आपल्याकडे बोट पहिल्यांदा आईकडेच जाते.

उपचारांचा रोखही आता अंशतः मेंदूकडे वळला आहे. जीएनआरएच स्पंदनांना चालना देणाऱ्या न्यूरोकायनिन-३ ग्राहकाला रोखणाऱ्या औषधांनी पीसीओएस असलेल्या स्त्रियांवरील लहान चाचण्यांत एलएच आणि टेस्टोस्टेरॉन कमी करून दाखवले आहे. अंडाशयाला हात न लावता.