घाम येतो कधी? चिनी वैद्यांचा जुना प्रश्न

तळहात कायम ओले किंवा शर्टाची काख सतत भिजलेली, अशी तक्रार घेऊन कुणी पारंपरिक चिनी वैद्याकडे गेलं, तर घाम किती येतो याच्याही आधी तो विचारतो : कधी येतो? जागेपणी की झोपेत?

या प्रश्नाची मुळं 'ह्वांगदी नेइजिंग' या ग्रंथात सापडतात. त्याचं संकलन इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दोनेक शतकांत झालं असावं, असं साधारणपणे मानतात. या ग्रंथाच्या मते घाम हा हृदयाचा द्रव. एका अध्यायात तर घामाचा उगमच वाटून दिला आहे : पोट तडस लागेपर्यंत जेवलात तर घाम जठरातून, दचकलात तर हृदयातून, ओझं घेऊन लांबवर चाललात तर मूत्रपिंडातून, भीतीने पळालात तर यकृतातून आणि अंगमेहनतीने थकलात तर प्लीहेतून. शरीरशास्त्र म्हणून हे टिकणारं नाही, पण घामाघूम माणसाला आधी कारण विचारायचं हे वळण इथून पडलं.

त्याच ग्रंथात एक ताकीदही आहे : ज्याचं रक्त गेलंय त्याचा घाम काढू नका, ज्याचा घाम गेलाय त्याचं रक्त काढू नका. म्हणजे दोन्ही एकाच साठ्यातले. आपल्याकडे आयुर्वेदात स्वेद हा मेदाचा मल, बाहेर पडायचीच वस्तू. चिनी वैद्याच्या लेखी मात्र तो जपून खर्चायचा ऐवज. त्वचेवरची छिद्रं उघडणं-मिटणं हे शरीराचं रक्षण करणाऱ्या 'वेइ-छी'चं काम ('छी' म्हणजे प्राणशक्ती). ती दुबळी झाली की ऐवज गळू लागतो.

इ.स. 200च्या आसपास चांग चोंगजिंग या वैद्याने यावर जे औषध सांगितलं ते पहिल्यांदा वाचताना उलटंच वाटतं. ताप, वारा न सोसणं आणि आपोआप सुटणारा घाम, अशा रोग्याला तो आणखी घाम आणणारा काढा देतो. त्यात दालचिनीच्या जातीच्या झाडाच्या डहाळ्या, पिओनीचं मूळ, ज्येष्ठमध, आलं आणि चिनी बोरं. काढ्यानंतर थोड्या वेळाने गरम, पातळ पेज प्यायची आणि पांघरूण घेऊन पडायचं. अंग जेमतेम ओलसर व्हायला हवं, घामाच्या धारा लागता कामा नयेत. बिघडलेली लय अशी पुन्हा बसते, हा त्यामागचा तर्क.

सोंग राजवटीच्या सरकारी औषधसंग्रहात घाम थांबवणारं एक चूर्ण येतं. कालवांच्या भाजलेल्या शिंपा, ह्वांगछी या वनस्पतीचं मूळ, माह्वांग या झुडपाचं मूळ आणि पाण्यावर तरंगणारे पोचट गहू. यातलं माह्वांग गमतीचं आहे : त्याची काडी घाम आणते, तर मूळ घाम रोखतं, असं हे वैद्य मानत आले. काडीतून 1885 मध्ये जपानच्या नागाई नागायोशीने एफेड्रीन हे औषधी द्रव्य वेगळं केलं.

दिवसाचा घाम आणि रात्रीचा घाम ही वाटणी पक्की झाली ती युआन काळात. चू दानशी (1281–1358) या वैद्याच्या परंपरेत रात्रीच्या, चोरपावलांनी येणाऱ्या घामाचं खापर यिन (शरीरातला थंड, ओलावा देणारा अंश) आणि रक्ताच्या उणिवेवर फुटलं, तर दिवसाच्या घामाचं मुख्यतः छी आणि यांगच्या (ऊब देणाऱ्या अंशाच्या) उणिवेवर. सूत्र सुटसुटीत, म्हणून लोकप्रिय. पण मिंग काळातल्या चांग जिंगयुएने ते मोडून काढलं : दोन्ही घामांत दोन्ही प्रकारची उणीव असू शकते, नुसतं घड्याळ बघून औषध देऊ नका. पुढे वांग छिंगरेनने 1830 च्या पुस्तकात आणखी एक फाटा काढला. पौष्टिक औषधांनी घाम हटत नसेल, उलट वाढत असेल, तर साकळलेल्या रक्ताकडे बघा, असं त्याचं म्हणणं.

1956 मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगचौ आणि छंगदू इथे पारंपरिक वैद्यकाची महाविद्यालयं निघाली आणि हे सगळं पाठ्यपुस्तकात आलं. तिथे प्रकरणाचं नाव दिवसाचा आणि रात्रीचा घाम असंच राहिलं. प्रकरणाच्या आत मात्र वर्गवारी वेगळी : दुबळी वेइ-छी, हृदयाच्या रक्ताची उणीव, यिन घटल्याने चढलेली आग, आत कोंडलेली उष्णता. जिंगयुएचा आक्षेप असा मागल्या दाराने आत आला. आधुनिक डॉक्टरही रात्री कपडे भिजवणाऱ्या घामाला वेगळं काढतात, पण ते यिनसाठी नव्हे. त्यांना आधी क्षय, थायरॉइड आणि लिम्फोमा नाही ना, हे पाहायचं असतं.