बॉनेटवर वाळलेले किडे आणि रंगाचा वरचा थर

मृगाच्या पहिल्या सरी कोसळल्या की त्याच संध्याकाळी जमिनीतून वाळवीची पंख फुटलेली पाखरे बाहेर पडतात, आणि त्या रात्री मोटार घेऊन लांबच्या प्रवासाला निघालेल्याला सकाळी आपल्याच गाडीचे तोंड ओळखू येत नाही. बंपर, नंबरप्लेट, दिव्यांच्या काचा आणि बॉनेटची पुढची कड यांवर पिवळसर, तपकिरी शिंतोड्यांची रांगोळी उमटलेली असते. भात पिकण्याच्या दिवसांत, दिवाळीच्या आगेमागे, हेच काम तुडतुड्यांचे थवे करतात. आपण थकलेले असतो, गाडी उन्हात उभी राहते, आणि ‘रविवारी धुऊ’ असे म्हणून घरात शिरतो. रंगाचे नुकसान होते ते रात्रीच्या धडकेत नव्हे, तर रविवारची वाट पाहण्याच्या या काळात.

धडकेचा हिशेब एकदा मांडून पाहावा. एक दशांश ग्रॅम वजनाचा, म्हणजे बऱ्यापैकी मोठा किडा ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीवर आदळला, तर त्या आघाताची ऊर्जा सुमारे ०.०४ ज्यूल भरते. एक रुपयाचे नाणे मीटरभर उंचीवरून बॉनेटवर पडावे, साधारण तेवढीच. समृद्धी महामार्गावर मोटारींना मुभा असलेल्या १२० च्या वेगाने ती जवळपास दीडपट होते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तरीही एवढ्याने चांगला रंग फुटत नाही. रंगाचा टवका उडतो तो पुढच्या ट्रकच्या चाकाखालून आलेल्या खडीमुळे. किड्याचे मऊ शरीर स्वतःच फुटते आणि आतला द्रव पसरतो. अगदी चिमुकले किडे पुष्कळदा हवेच्या प्रवाहाबरोबर बॉनेटवरून वर निसटून जातात. थोडे वजनदार किडे मात्र आपल्या जडत्वामुळे वळू शकत नाहीत आणि सरळ येऊन आदळतात. बंपर हा गाडीचा सर्वांत उभा भाग असल्याने त्याच्या वाट्याला सर्वाधिक किडे येतात, ते यामुळेच.

किड्याच्या अंगातील द्रवाला हीमोलिम्फ म्हणतात. हे त्याचे रक्त. पण त्यात बहुतेक वेळा हिमोग्लोबिन नसल्याने ते लाल नसते, तर फिकट पिवळे किंवा हिरवट असते. (काचेवर माशी चिरडल्यावर दिसणारा लालसर डाग तिच्या डोळ्यांतील रंगद्रव्यांचा असतो, डासाच्या पोटातील लाल रक्त मात्र बहुधा आपलेच.) या द्रवाचे एक वैशिष्ट्य असे की किड्याच्या अंगाला जखम होताच तो गोठू लागतो, त्यातील विकरे (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने) कामाला लागून प्रथिनांची एकमेकांशी घट्ट जोडणी करतात आणि काही वेळाने जखमेवर काळपट खपली धरते. जिवंत किड्याचा जीव वाचवणारी ही व्यवस्था तो आपल्या बंपरवर फुटल्यानंतरही तितक्याच निष्ठेने चालू राहते. म्हणूनच तासाभरापूर्वीचा शिंतोडा ओल्या फडक्याने पुसला जातो आणि दोन दिवसांचा शिंतोडा नखानेही निघत नाही. जवळून पाहिल्यास त्या खपलीत एखादा पारदर्शक पंख कागदासारखा चिकटलेला दिसतो, आणि शिंतोड्याची वाऱ्याच्या दिशेने ओढली गेलेली शेपटी वरच्या बाजूला बारीक होत गेलेली असते.

चिकटणे हा त्रासाचा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा आम्लाचा आहे, आणि त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात आहे. तिथे ‘लव्हबग’ नावाची काळी, मानेजवळ तांबडी असलेली बारीक माशी वर्षातून दोनदा, मे आणि सप्टेंबर महिन्यांच्या सुमारास, महामार्गांवर ढगांसारखी जमते. नर-मादी जोडीनेच उडतात, त्यावरून हे नाव पडले. १९४० मध्ये हार्डी या कीटकशास्त्रज्ञाने टेक्सासमधील गॅल्व्हेस्टनच्या परिसरातून तिची नोंद केली आणि पुढील काही दशकांत ती मेक्सिकोच्या आखाताच्या काठाने फ्लोरिडात सर्वत्र पसरली. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून ती निसटली, ही तिकडची लाडकी अफवा निव्वळ अफवाच आहे. मोटारींच्या धुरातील, विशेषतः सूर्यप्रकाशाने बदललेल्या धुरातील काही घटक तिला आकर्षित करतात, त्यामुळे ती शेत सोडून नेमकी रस्त्यावर घिरट्या घालते. ताज्या चिरडलेल्या लव्हबगचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) सुमारे ६.५, म्हणजे जवळजवळ पाण्यासारखा उदासीन असतो; मात्र तो लगदा तसाच राहिल्यास एका दिवसात सामू ४.२५ पर्यंत, टोमॅटोच्या रसाइतका, खाली येतो. सामूची मोजपट्टी दहाच्या पटींची असल्याने सव्वादोन अंकांची ही घसरण म्हणजे आम्लतेत सुमारे पावणेदोनशे पट वाढ होय.

टोमॅटोच्या रसाने गाडीचा रंग का बिघडावा, असा प्रश्न साहजिकच पडेल. त्याचे उत्तर रंगाच्या रचनेत आहे. पत्र्यावर आधी गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग प्रत्यक्ष रंगाचा पातळ थर आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात, आणि हे सगळे मिळूनही जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरते. चमक आणि उन्हापासून संरक्षण ज्याच्यावर अवलंबून आहे तो क्लिअर कोट त्यातील जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉनांचा, म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ असतो. अनेक गाड्यांच्या क्लिअर कोटमध्ये ॲक्रिलिक रेझिन या प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या लांब साखळ्या मेलामाइन या जोडणाऱ्या रसायनाने बांधलेल्या असतात, आणि आम्ल, पाणी व उष्णता ही तीन एकत्र आली की नेमक्या या गाठी सुटू लागतात. आम्लवर्षेने गाड्यांवर पडणारे डागही याच क्रियेतून उमटतात. तीनांपैकी उष्णता आपल्याकडे फुकट मिळते: उन्हात उभ्या असलेल्या गडद रंगाच्या गाडीचे बॉनेट ६० अंश सेल्सियसच्या पुढे सहज जाते, आणि रासायनिक क्रियांचा वेग दर दहा अंशांना ढोबळमानाने दुप्पट होतो. सावलीत आठवडाभरात जे झाले असते ते उघड्या पार्किंगमध्ये एका दुपारी होऊ शकते.

या बाबतीत ब्राझीलमधील साओ पाउलो विद्यापीठाच्या रसायनशास्त्रज्ञांनी चतुर या कीटकाच्या अंड्यांवर केलेले काम मला फार रंजक वाटते. चतुराची मादी पाण्यात अंडी घालते आणि पाणी ओळखण्यासाठी परावर्तित प्रकाशाच्या ध्रुवीकरणावर, म्हणजे त्याच्या लहरी मुख्यतः एकाच दिशेत कंप पावण्यावर, विसंबते. चकचकीत बॉनेटवरून परतणारा प्रकाशही तसाच ध्रुवीकृत असल्याने ती फसते आणि तापलेल्या पत्र्यालाच तळे समजून अंडी घालते. अंडी कठीण होत असताना त्यांच्या प्रथिनांतील गंधकयुक्त सिस्टीन या अमिनो आम्लाचे ऑक्सिडीकरण होते, त्यातून तीव्र आम्ले तयार होतात आणि ती क्लिअर कोटचे विघटन करतात. हंगेरीतील संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिले की पाणकिड्यांना लाल आणि काळ्या गाड्या विशेष भुरळ घालतात. तळ्याकाठी गाडी लावणाऱ्यांनी रंग निवडताना याचा विचार करावा, असे मी गमतीने म्हणतो, पण त्यात तथ्य आहे.

किडे चिकटूच नयेत असा पृष्ठभाग करता येईल का, हा प्रश्न विमानांच्या बाबतीत नासाने गांभीर्याने हाताळला आहे, कारण पंखांच्या कडेवर वाळलेला किडा तिथल्या हवेचा सुरळीत प्रवाह मोडतो आणि इंधन जास्त लागते. २०१५ मध्ये लुईझियानातील श्रीव्हपोर्ट येथे, जिथे किड्यांची वाण नाही, बोइंग ७५७ विमानाच्या पंखावर वेगवेगळे लेप लावून त्यांनी उड्डाणे केली. त्यांतील सर्वांत चांगल्या लेपाने किड्यांची संख्या आणि अवशेष सुमारे ४० टक्क्यांनी घटवले. नासाची ही मजल लक्षात घेतली, तर ‘या कोटिंगवर किडा टिकतच नाही’ असे सांगणाऱ्या विक्रेत्याच्या बोलण्याला किती किंमत द्यायची ते आपले आपणच ठरवता येईल.

बाजारातील संरक्षक लेप निरुपयोगी आहेत असे मात्र नाही. ते आम्लाला अडवून आपल्याला सवड मिळवून देतात. ब्राझीलमधील ताडाच्या पानांवरून मिळणारे कार्नोबा मेण स्वस्त आणि लावायला सोपे असते, पण आपल्या उन्हात आणि पावसात ते थोड्याच आठवड्यांत झिजते. सिरॅमिक कोटिंग हा सिलिकाप्रधान थर असून तो अधिक टिकतो आणि त्यावरून घाण लवकर सुटते. परंतु त्याची जाडी मायक्रॉनच्या आसपासच असल्याने वाळलेला किडा आठवडाभर तसाच ठेवला, तर हा थरही हार मानतो. खरे चिलखत म्हणजे पीपीएफ, म्हणजे दीडशे ते दोनशे मायक्रॉन जाडीची पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म. तिची पूर्वज असलेली पट्टी व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कडा वाचवण्यासाठी वापरली गेली होती. ही फिल्म खडीलाही पुरून उरते, मात्र महाग पडते. तेव्हा पूर्ण गाडीऐवजी फक्त बंपर, बॉनेटची पुढची कड आणि आरशांची पाठ एवढ्यांनाच लावणे मला शहाणपणाचे वाटते.

लेप असो वा नसो, धुण्याची पद्धत तीच राहते. मुक्कामी पोहोचल्यावर पत्रा थंड होऊ द्यावा, जुना सुती फडका किंवा वर्तमानपत्राचा कागद पाण्यात भिजवून किड्यांवर पसरावा आणि दहा-पंधरा मिनिटे तसाच ठेवावा. खपली पाणी पिऊन फुगते, मग गाडीच्या सौम्य शाम्पूत बुडवलेल्या मायक्रोफायबरने ती अलगद सुटते. कोरडे घासण्याचा मोह टाळावा, कारण खपलीत अडकलेली धूळ आणि किड्याचे कठीण कवच क्लिअर कोटवर ओरखडे काढतात. भांड्यांची हिरवी घासणी तर सँडपेपरच्याच जातीची. भांड्यांचा साबण किडे काढतो, पण मेणही काढून नेतो. वायपर कोरड्या काचेवर चालवू नये, हे वेगळे सांगायला नको. रेडिएटरच्या जाळीत अडकलेले पंख त्याच वेळी पाण्याच्या मंद धारेने काढून टाकले की इंजिनाच्या थंडाव्याचीही काळजी मिटते.

उशीर झालाच असेल, तर धुतलेल्या बंपरवर संध्याकाळी तिरका प्रकाश पडू द्यावा आणि खाली वाकून पाहावे. किडा गेलेला असतो, पण त्याची आकृती, शेपटीसकट, एखाद्या फिकट कड्यासारखी चमकेत राहिलेली दिसते. हा डाग वरून लागलेला नसून क्लिअर कोटमध्ये पडलेला खड्डा आहे. पॉलिश केल्यावर तो दिसेनासा होतो, कारण भोवतालचा थर घासून त्याच्या तळाच्या पातळीवर आणला जातो, आणि दर खेपेस मूळच्या पस्तीस ते पन्नास मायक्रॉनांतून दोन-चार मायक्रॉन कमी होतात.