आंतरदेशीय दत्तक मूल घरी नेणे

एका देशात जन्मलेले मूल दुसऱ्या देशातल्या पालकांनी दत्तक घेतल्यावर ते ताब्यात घेणे, प्रवास करून नव्या घरी नेणे आणि तिथे ते रुळेपर्यंत सांभाळणे, या सगळ्याला मिळून हे नाव आहे. या नोंदीत भारतातून, विशेषतः महाराष्ट्रातल्या संस्थांतून, परदेशी जाणाऱ्या लहान मुलांचा विचार केला आहे.

पूर्वी परदेशी जोडपी १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली मुलाचे फक्त पालकत्व घेत आणि दत्तकविधान आपल्या देशात जाऊन करीत. यातल्या गैरप्रकारांबद्दल वकील लक्ष्मीकांत पांडे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने तेच याचिका म्हणून दाखल करून घेतले आणि १९८४ मध्ये न्या. पी. एन. भगवती यांनी निकालात कडक नियम घालून दिले. १९९० मध्ये केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण (कारा) स्थापन झाले. आंतरदेशीय दत्तकाबाबतचा १९९३ चा आंतरराष्ट्रीय हेग करार भारतात २००३ पासून लागू आहे. सध्या २०१५ चा बाल न्याय कायदा आणि २०२२ ची दत्तक नियमावली चालते. दत्तकाचा आदेश आता न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. बालकल्याण समितीने मूल दत्तकासाठी मुक्त ठरवणे, काराचे ना हरकत प्रमाणपत्र, आदेश, पासपोर्ट आणि व्हिसा हा कागदपत्रांचा क्रम.

मुलाला आधी देशातच घर शोधायचे, हे या सगळ्याचे मूळ तत्त्व. अनिवासी भारतीयांनाही देशातल्या पालकांइतकाच अग्रक्रम मिळतो. त्यामुळे परदेशी कुटुंबात जाणारी मुले बहुधा तान्ही नसतात. कुणाला उपचारांची गरज असते, कुणी भावंडासह जाते, कुणी चार-पाच वर्षांचे असते. म्हणजे मूल चालते, बोलते, त्याची माणसे ठरलेली असतात. घरी नेण्यातली बहुतेक अडचण इथेच आहे.

संस्थेत मुलाला सांभाळणाऱ्या बायकांना मुले 'मावशी' म्हणतात. भरवणारी, न्हाऊ घालणारी, थोपटून झोपवणारी तीच. नवे पालक फोटोंचा अल्बम आधी पाठवतात, व्हिडिओ कॉल करतात, मावशी रोज फोटोवर बोट ठेवून 'ही आई, हे बाबा' असे दाखवते. तरी प्रत्यक्ष भेटीत मूल मावशीच्या पदराआड जाते. बायकांमध्येच वाढलेल्या मुलाला दाढीवाला बाबा जवळून पाहण्याचीही सवय नसते. दोन-चार दिवस संस्थेतच जाऊन बसायचे, मावशीच्या हातून भरवलेला घास हळूहळू आपल्या हातात घ्यायचा, ही रीत चांगली. पहिल्याच भेटीत मूल उचलून हॉटेलवर नेणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. निघताना वापरातली गोधडी किंवा झबले न धुता सोबत घ्यावे; ओळखीचा वास तेवढाच उरतो.

नव्या घरात गेल्यावर मूल मावशीसाठी रडले की पालक खचतात. खरे तर हे रडणे शुभलक्षण आहे. ज्याने एका माणसावर जीव लावला, ते दुसऱ्यावरही लावू शकते. उलट जे मूल विमानतळावर भेटणाऱ्या प्रत्येकाच्या कडेवर हसत जाते, त्याचे 'किती गुणी, कुणाकडेही जाते' म्हणून कौतुक होते. काळजीने लक्ष द्यावे ते या मुलाकडे. म्हणूनच पहिले काही आठवडे भरवणे, न्हाऊ घालणे, उचलणे शक्यतो आईवडिलांनीच करावे. परदेशातल्या मराठी घरांत बारशाचा घाट लगेच घातला जातो, मंडळातली चाळीस माणसे बाळ बघायला येतात. हौस समजते, पण ती दोन-तीन महिने थांबू शकते.

संस्थेत एका खोलीत ओळीने खाटा असतात, रात्रभर कुणी ना कुणी खोकते, कुरकुरते. वेगळी, सजवलेली, शांत खोली अशा मुलाला भयाण वाटते. त्याची खाट पालकांच्या खोलीत असावी. जेवणही एकदम बदलू नये: मऊ वरण-भात, खिमट, पेज जगात कुठेही शिजवता येते. काही मुले पोळीचा तुकडा उशीखाली लपवतात. रागावू नये, खाऊची वाटी त्याच्या हाताला लागेल अशी ठेवावी.

भाषेचा भाग सर्वांत हळवा. 'मामा' म्हणजे आईचा भाऊ, किंवा संस्थेच्या गाडीवरचा माणूस. इटलीत किंवा स्वीडनमध्ये तोच आवाज आईसाठी. स्वीडिश 'या' म्हणजे होकार, मराठी मुलाला ते बोलावणे वाटते. भूक, पाणी, शू, दुखते, झोप, ये एवढे मराठी शब्द जरी पालक शिकून आले, तरी पहिले दिवस खूप सोपे जातात. पुढे काही महिन्यांत मूल नवी भाषा बोलू लागते आणि जुनी बोलणे सोडते. ती पूर्ण पुसली जाते का? फ्रान्समध्ये वाढलेल्या कोरियन दत्तक व्यक्तींच्या २००३ मधील अभ्यासात मेंदूत कोरियनची खूण सापडली नाही. २०१४ मध्ये मॉन्ट्रियलला मात्र, चिनी विसरलेल्या मुलींचे मेंदू चिनी सूर ऐकताना चिनी बोलणाऱ्यांसारखेच प्रतिसाद देताना आढळले.

पोहोचल्यावर दोन-तीन आठवड्यांत बालरोगतज्ज्ञांकडून पूर्ण तपासणी करून घेतात. रक्तक्षय, जंत, क्षयरोग, कावीळ ब आणि लसीकरण पाहिले जाते. क्षयरोगाची चाचणी सहा महिन्यांनी पुन्हा करतात. चांगल्या आहाराने उंची-वजन बरेचदा झपाट्याने भरून येते.

भारतीय नियमांप्रमाणे दोन वर्षे प्रगती अहवाल पाठवावे लागतात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. अमेरिकेत, आदेश भारतातच पूर्ण झालेला असल्याने, २००० च्या बाल नागरिकत्व कायद्यानुसार मूल तिथे पाऊल ठेवताच नागरिक होते.

मोठेपणी मुळाचा शोध घेण्याची तरतूद नियमांत आहे, मात्र तो दत्तक व्यक्तीनेच घ्यायचा. तिऱ्हाइताला परवानगी नाही. त्यासाठी आलेल्यांना संस्थेच्या फायलीत जन्मदात्यांचे नाव नेहमीच मिळते असे नाही. मूल कुठे, कोणत्या तारखेला आणले, तेव्हा वजन किती होते, नाव कुणी ठेवले एवढ्याच नोंदी असल्या, तरी तासन्‌तास त्या वाचत बसणारी माणसे संस्थांनी पाहिली आहेत. एखादी म्हातारी झालेली मावशी अजून जवळ राहत असेल, तर तिला निरोप जातो.